गाडी खाली घेण्याआधी

“वहिनी धरल्या का वजनात?”

“धर की. एक पोतं धर.”

“एकच? जेवत न्हाईत व्हय त्या?”

तिघंही हसले. मी काचेच्या अलीकडे, गाड्या सजवण्याच्या दुकानाच्या छोट्या ऑफिसात बसले होते. हातात लिंबू सरबताचा ग्लास होता आणि समोरच्या टेबलावर चाकांच्या रिमांची रंगीत पुस्तकं. काच नीट बसलेली नव्हती. तिच्या खालच्या फटीतून बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. त्यांना वाटलं असेल, मला ऐकू जात नाही. किंवा ऐकू गेलं तरी समजत नाही. साखरपुड्याच्या दिवशी त्याचा मित्र कुणाला तरी सांगत होता, “आपलं बोलणं त्यांना न्हाई कळत, इंग्लिश मीडियमच्या हायेत.” मला सगळं कळतं. मी लगेच काही बोलत नाही, एवढंच. त्यामुळे लोकांचा गैरसमज होतो आणि तो दूर करायला पुन्हा बोलावं लागतं, म्हणून तो तसाच राहतो.

वहिनी म्हणजे मीच. लग्न अजून व्हायचं होतं, तारीखही निघाली नव्हती, पण त्या मित्राने साखरपुड्याच्या पंगतीतच मला वहिनी म्हणायला सुरुवात केली होती. बाहेर जे तिघं उभे होते त्यातला एक तो मित्र, दुसरा दुकानाचा मालक आणि तिसरा, ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं तो. “एक पोतं धर” हे तो म्हणाला होता. मी आवाज ओळखला आणि तरी मान वर करून खात्री करून घेतली. तो गाडीच्या चाकाशी उकिडवा बसला होता आणि अजून हसतच होता.

त्याच्या गाडीबद्दल आधी सांगायला हवं. लाल, दोन दारांची, मागे नावापुरती सीट असलेली स्पोर्ट्स कार. पुण्यातल्या कुणीतरी हौस फिटल्यावर विकली आणि याने घेतली. श्रीगोंद्याच्या पलीकडे त्यांचं गाव. ऊस, लिंबाची बाग, गोठ्यात दुभत्या गाई. नगरला मार्केट यार्डाजवळ त्याचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, तिथे तो रोज याच गाडीने येतो. उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत ती लाल गाडी दिसली की लोक मोबाईल काढतात. मला बघायला आले तेव्हा आमच्या कॉलनीतली मुलं आधी गाडीभोवती जमली, मग घरात कोण आलंय याची चौकशी झाली.

बैठकीत माझ्या वडिलांनी एकच गोष्ट विचारली होती. मी नगरमध्ये एका लॅबमध्ये काम करते, सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचपट्ट्या बघते. ते काम मला आवडतं. तिथे फारसं बोलावं लागत नाही आणि जे दिसेल तेच लिहायचं असतं. वडील म्हणाले, “आमची मुलगी काम सोडणार नाही. तुमच्या गावाहून ती रोज येणार कशी? एसटी तर फाट्यावर थांबते.” यावर त्याचे वडील मांडीवर थाप मारून म्हणाले, “दारात गाडी हाय की! ह्यो रोज नगरला जातोच. सोडील अन् घिऊन यील. त्यात काय एवढं?” सगळ्यांनी माना डोलावल्या. आतल्या खोलीत आईने माझ्याकडे बघून डोळे मिटले आणि उघडले. तेव्हापासून ती लाल गाडी माझ्या मनात वेगळ्याच जागी जाऊन बसली. ती होती म्हणून माझं काम राहणार होतं.

त्या रविवारी त्याच्या आईने मला घरी बोलावलं होतं. आमच्या खोलीला रंग द्यायचा होता आणि तो मला विचारून द्यावा असं त्यांच्या मनात होतं. “तिलाच घिऊन ये, तिच्या आवडीचा दिऊ,” असं त्या म्हणाल्याचं त्याने सांगितलं. मला फार बरं वाटलं. आईने डब्यात ओल्या नारळाच्या वड्या दिल्या. निघाल्यावर तो म्हणाला, “पाच मिनिटं एका ठिकाणी थांबायचंय.” ते ठिकाण म्हणजे हे दुकान.

गाडी खाली घ्यायची होती. म्हणजे मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक स्प्रिंगा बसवायच्या, की सगळी गाडी जमिनीच्या दोन बोटं जवळ येते. दिसायला छान दिसते, हे मलाही मान्य आहे. भिंतीवर तशा गाड्यांचे फोटो होते, चाकांवर पत्रा असा टेकलेला की गाडी दबा धरून बसल्यासारखी. आत्ता याच्या गाडीचं चाक आणि वरचा पत्रा यांच्यात बरीच जागा दिसायची. मित्र त्या फटीकडे बोट दाखवून म्हणत होता, “ह्यातनं मांजर जाईल राव. पोटुशी मांजर जाईल.”

दुकानदाराचं म्हणणं असं की एकदा बसवलेल्या स्प्रिंगा तो परत घेत नाही. त्यामुळे आधी बघा, तुमच्या रस्त्याला गाडी चालते का. बघायची त्याची पद्धत सोपी होती. गाडी स्प्रिंगांनी जेवढी खाली येणार तेवढी आत्ताच वजन टाकून खाली आणायची आणि घरापर्यंत चालवायची. कुठे घासली नाही, तर स्प्रिंगा बसवायच्या. मित्राच्या पिकअपमध्ये सरकी पेंडीची पोती होती, गावाकडेच चालली होती. त्यातली दोन त्यांनी मागच्या सीटवर चढवली आणि एक डिकीत. गाडी खाली बसली. दुकानदाराने फटीत बोटं घालून बघितलं आणि म्हणाला, “अजून एका पोत्याचं वजन कमी पडतंय.” चौथं पोतं ठेवायला जागा नव्हती. तेव्हा मित्राने विचारलं, वहिनी धरल्या का वजनात.

तर चौथं पोतं मी.

तो आत आला. चेहरा लहान मुलासारखा फुललेला. “चालेल ना तुला? पोती मागं राहतील. थोडा वास येईल.”

मी “हो” म्हणाले. मी बहुतेक वेळा हो म्हणते. फोनवर आम्ही एकमेकांना तू म्हणतो, पण माणसांत मी त्याला तुम्ही म्हणते, आणि तुम्ही म्हणायला लागले की माझी वाक्यं आणखीच लहान होतात. शिवाय मला राग आला नव्हता. काहीतरी चुकीचं ऐकलंय, असं वाटत होतं. आपल्याबद्दल कुणी असं बोलेल ही कल्पनाच नसल्यावर पहिल्यांदा राग येत नाही. कानात दडे बसल्यासारखं होतं फक्त.

निघताना एक पोतं पुढे कलंडायला लागलं, म्हणून त्याने त्याला सीटबेल्ट लावला. मित्र पिकअप घेऊन मागे.

हायवेवर काही प्रश्न नव्हता. गाडी नेहमीपेक्षा जड चालली होती, पण तो खुशीत होता. मध्येच म्हणाला, “बघ, वळणावर कशी चिकटून चाललीय.” आत पेंडीचा उग्र, तेलकट वास भरला होता. उन्हात उसाचे ट्रॅक्टर चालले होते, एकामागे दोन दोन ट्रॉल्या, वरून उसाचे शेंडे लोंबत असलेले. एका ट्रॅक्टरवाल्याने आमच्याकडे वाकून बघितलं आणि गाण्याचा आवाज वाढवला. याने खिडकीतून हात हलवला. मला तेव्हा तो आवडलाही. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढे जे झालं ते वाईट माणसाने केलं असतं तर मला इतका धक्का बसला नसता.

फाट्यावरून गाडी गावाच्या रस्त्याला लागली आणि शाळेपुढचा पहिला स्पीडब्रेकर आला. त्याने वेग अगदी कमी केला, गाडी तिरकी घेतली. पुढची चाकं चढली, उतरली, आणि मग खालून असा आवाज आला की मी दोन्ही पाय वर घेतले. पाटीवर खिळा ओढावा तसा, पण माझ्याच पायाखाली. गाडी अडकली. त्याने मागे घेतली, पुन्हा तोच आवाज. मागून मित्र पिकअपमधून उतरून आला, रस्त्यावर पोटावर झोपून खाली बघितलं आणि म्हणाला, “थोडक्यात हाय. वजन कमी केलं की निघंल.”

त्याने माझ्याकडे बघितलं. “उतरतेस जरा? निघाली की बस.”

मी मागे वळून पोत्यांकडे बघितलं. मला खरंच वाटलं होतं की तो पोत्यांबद्दल बोलतोय आणि मला उतरायचंय ते पोती काढायला वाट द्यावी म्हणून, कारण गाडीला दोनच दारं आहेत. मी उतरले, सीट पुढे ओढायचा खटका शोधायला लागले.

“अगं, पोती राहू दे,” तो हसून म्हणाला. “पोती सारखी सारखी कोण काढणार? तू काय, पटकन उतरतेस.”

मी दार लावलं. गाडी अलगद स्पीडब्रेकर ओलांडून गेली. पलीकडे थांबली. आतून त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं आणि मी बसल्यावर म्हणाला, “थँक यू.”

मग देवळापुढचा आला. मग दूध संकलन केंद्राचा, तो सिमेंटचा, लोकांनी स्वतःच केलेला आणि ओबडधोबड. दर वेळी तेच. तो गाडी थांबवायचा, माझ्याकडे बघायचा, मी उतरायचे. गाडी पुढे जायची. मी स्पीडब्रेकर पायी ओलांडायचे. दार आतून उघडायचं. थँक यू. पुढे पुढे त्याने विचारणंही सोडलं, नुसती मान हलवायचा.

दूध केंद्रापाशी दोन बायका डोक्यावर घासाचे भारे घेऊन थांबल्या होत्या. एकीने दुसरीला विचारलं, “गाडी बिघडली का गं त्यांची?”

“न्हाई गं. सूनबाई उतरल्या अन् गाडी निघाली.”

“अगं बया! मंग गाडीत कोन हाय?”

“पेंड हाय.”

त्या हसल्या. कुचेष्टेने नाही, मोकळं हसल्या, आणि एक मला म्हणाली, “या बरं का जपून, खडी हाय.” मी मान खाली घालून चालत राहिले. सँडलमध्ये खडे जात होते. मागच्या काचेतून मला सीटबेल्ट लावलेलं पोतं दिसत होतं, नीट टेकून बसलेलं.

गाव मागे पडलं आणि वस्तीकडे जाणारा रस्ता आला. त्यांचं घर वस्तीवर आहे. या रस्त्यावर सरकारी स्पीडब्रेकर नाहीत, पण विहीर रस्त्याच्या एका बाजूला आणि ऊस दुसऱ्या बाजूला असला की पाण्याचा पाईप रस्त्यावरूनच न्यावा लागतो. पाईप आडवा टाकतात आणि तो फुटू नये म्हणून वर मुरूम टाकून उंच बांध करतात. जितके मळे तितके बांध. आजवर मी या रस्त्याने आले तेव्हा गाडी थोडी उसळायची, तो “सॉरी” म्हणायचा, एवढंच. आता प्रत्येक बांधापाशी मी खाली.

एका बांधानंतर बसायलाच नको असं वाटलं, कारण पुढचा दिसत होता. मी चालतच राहिले. तो माझ्या शेजारून हळूहळू गाडी चालवत होता, काच खाली करून, आणि सांगत होता की पुढच्या सीझनला मधल्या पट्ट्यात लिंबं काढून डाळिंब लावायचं मनात आहे. मी चालतेय आणि तो गाडीत आहे, हे त्याला दिसतच नव्हतं जणू. मागून मित्राने हॉर्न वाजवला आणि डोकं बाहेर काढून ओरडला, “वहिनी, पिकपमधी बसा! ही उंच हाय, हिला कायबी होत न्हाई!” आणि मग याला, “काय रं, नवरीला पायी आनतोस व्हय?”

“गप ए,” हा म्हणाला. “टेस्ट चालू हाय.”

टेस्ट हा शब्द ऐकला तेव्हा माझं डोकं पहिल्यांदा चालायला लागलं. लॅबमध्ये आम्ही दिवसभर टेस्टच करतो. नमुना अर्धा सांडला आणि उरलेल्यावर निकाल दिला, तर तो निकाल फेकून देतात. दुकानदाराने सांगितलं होतं, चार पोत्यांचं वजन हवं, तेव्हा गाडी स्प्रिंगांइतकी खाली येईल. चौथं पोतं मी होते. मी आत असताना गाडी फक्त शाळेपुढच्या स्पीडब्रेकरवर चढली होती आणि तिथेच घासली होती. त्यानंतर जिथे जिथे ती ओलांडून गेली, तिथे मी रस्त्यावर उभी होते. म्हणजे आखूड स्प्रिंगा बसवल्यावर काय होईल हे आम्ही पाहिलंच नव्हतं. मी नसल्यावर काय होतं, ते पाहत होतो. आणि स्प्रिंगा बसल्या की मी उतरून तरी काय होणार? गाडी रिकामी असतानाही तेवढीच खाली असेल.

हे त्याला सांगावं असं मनात आलं. वाक्य तयार केलं, पण पाईपच्या बांधावर धापा टाकत बोलायचं ते वाक्य नव्हतं. घरी गेल्यावर सांगू, म्हटलं. आणि आणखी एक विचार आला तो मी तसाच मागे ढकलला. सोमवार ते शनिवार, सकाळ आणि संध्याकाळ, पावसाळ्यात या मुरमाचा चिखल होतो तेव्हा, साडी असो की ड्रेस, मी इथे उतरणार का? असं तो मनात धरून चालला असेल, हे मला खरं वाटत नव्हतं. त्याच्या लक्षात आलं नसेल, एवढंच. हौसेच्या भरात माणसाच्या लक्षात येत नाही.

घरी पोचलो. अंगणात त्याचे वडील खुर्चीवर बसले होते, मांडीवर दिनदर्शिका उघडलेली. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी दिलं, नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन वास घेतला. “तुझ्या आईच्या हाताला चव हाय बाई.” माझ्या सँडलकडे बघून म्हणाल्या, “इतकी कशी धूळ उडाली गं?” मित्राने पोती उतरवून गोठ्याकडे नेली. गाडी पुन्हा वर आली आणि नेहमीसारखी दिसायला लागली.

“काय झालं मंग?” वडिलांनी विचारलं. “चालती का?”

“चालतीय,” तो म्हणाला. “शाळंपाशी जरासं, बाकी कुठंच न्हाई घासली.”

मित्राने मोबाईल पुढे केला. त्याने पिकअपमधून शूटिंग केलं होतं. त्याचे वडील बघत होते आणि मीही त्यांच्या मागून बघितलं. लाल गाडी बांधावर चढते, उतरते. पुढचा बांध. चढते, उतरते. दर वेळी कडेला एक मुलगी पर्स पोटाशी धरून उभी. कुणाची तरी वाट बघतेय, असं वाटावं. ती मी आहे हे मला माहीत होतं, तरी मी तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत होते. त्या तिघांपैकी कुणीही तिच्याबद्दल काही बोललं नाही. ते चाकांकडे बघत होते.

“बेस हाय,” वडील म्हणाले. “मंग बसव की.”

मी त्याला उद्देशून, अगदी हळू म्हणाले, “पण रोजचं कसं? मला रोज सकाळी...”

त्याच्याऐवजी त्याची आई बोलली. त्या प्रेमानेच बोलल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवत. “आता रोज कशाला जायचंय पोरी तुला? लगीन होईस्तोवर जा. मंग हितंच की. सणावाराला म्हायेरी जाशील, तेवढ्यापुरतं उतरावं लागलं तर उतरायचं. काय झिजतंय त्यात?”

मी त्याच्याकडे बघितलं. तो गाडीकडे बघत होता. बोनेटवर मुरमाची धूळ बसली होती, ती तो तळहाताने पुसत होता. अगदी काळजीपूर्वक, एकाच दिशेने.

तेव्हा मला धक्का बसला. आधीचे सगळे धक्के किरकोळ होते. वजन, पोती, रस्त्यावरच्या बायकांचं हसणं, हे मी घरी जाऊन आईला गंमत म्हणून सांगितलंही असतं. पण इथे उभं राहून मला कळत होतं की याच्या घरात ठरलेलं आहे. मी नोकरी सोडणार, हे सगळ्यांना माहीत आहे. मलाच सांगायचं राहिलं आहे. आणि म्हणून गाडी खाली घ्यायला काही अडचण नाही. तो एकटाच नगरला जाणार, त्यांच्या मते तो एकटा बसला की गाडी जाते, आणि वर्षातून काही वेळा मी उतरेन. माझ्या मनात ज्या गोष्टीला मी त्याची नजरचूक म्हणत होते, ती चूक नव्हतीच. बरोबर हिशेब होता तो. मीच त्यात स्वतःला रोजची धरली होती.

गोठ्यात गाई पेंडीच्या वासाने हंबरायला लागल्या होत्या, एकामागोमाग एक, आणि तो आवाज मला खूप लांबून आल्यासारखा वाटत होता.

“तुम्ही यांना सांगितलं नाही?” मी त्याला विचारलं.

तो माझ्याजवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, “सांगणार आहे ना. लग्न झाल्यावर हळूहळू सांगू. आत्ता कशाला विषय काढायचा?”

“बैठकीत विषय निघाला होता.”

“बैठकीत सगळेच बोलतात गं,” तो म्हणाला. त्यात रागही नव्हता. मला समजावत होता. बैठकीत काय बोलायचं असतं हे सगळ्या जगाला माहीत असतं आणि मला एकटीला शाळेत शिकवायचं राहून गेलं, असा तो सूर होता.

त्याच्या आईने मला हाताला धरून आत नेलं, खोली दाखवली. भिंतीवर दोन रंगांचे पट्टे ओढून ठेवले होते, एक फिकट गुलाबी आणि एक आकाशी. “बघ, कुठला?” त्या म्हणाल्या. खिडकीतून अंगण दिसत होतं आणि अंगणातला तो. मित्राशी बोलत होता, हाताने दाखवत होता की गाडी एवढी खाली येईल. मी त्या दोन पट्ट्यांकडे बघत उभी राहिले. त्यांना वाटलं मला ठरवता येत नाही. “राहू दे, सावकाश सांग,” म्हणाल्या. त्या चांगल्या आहेत. मी त्या दिवशीही हेच म्हटलं मनात, की या चांगल्या आहेत, आणि मग मला भीती वाटली. या घरात सगळे चांगले आहेत. इथे कुणाशी भांडायला जागाच मिळणार नाही. मी रोज उतरत राहीन आणि रोज कुणीतरी थँक यू म्हणेल.

बाहेर आलो तेव्हा चहा झाला होता. वडिलांनी दिनदर्शिकेवर बोट ठेवलं होतं. “ह्या दोन तारखा चांगल्या निघत्यात. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की लगीच उरकून घिऊ, म्हंजी ऊसतोडीच्या टोळ्या मोकळ्या, मांडवाला मानसं मिळत्यात. तुझ्या वडलांना संध्याकाळी फोन लावतो.” मग ते माझ्याकडे बघून हसले. त्यांना माझी गंमत करायची हुक्की आली असावी. “बरं का पोरी, हा म्हनतोय स्प्रिंगा बसवायच्या. घरची लक्ष्मी तू. तू हो म्हन, मंगच बसवू. काय?”

“वहिनी काय न्हाई म्हनत्यात व्हय!” मित्र म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघून हसत होते. तोही हसत होता आणि मान किंचित हलवत होता, दर बांधापाशी हलवायचा तशी. कप माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला.

“घासली ती,” मी म्हणाले.

“कुठं?” त्याचे वडील म्हणाले.

“पहिल्याच ठिकाणी, शाळेपाशी. मी आत होते म्हणून घासली. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी मी खाली उतरले होते. व्हिडिओत बघा, कडेला उभी आहे ती मी आहे.”

माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला होता, आणि आता तो खाली आणता येत नव्हता.

“नगरला मी रोज जाणार आहे. लग्नानंतरही. तसं ठरलं होतं, तुम्हीच शब्द दिला होता.” मग मी त्याच्याकडे वळले आणि माणसांदेखत पहिल्यांदा त्याला तू म्हणाले. “तू स्प्रिंगा बसवू नकोस. आणि काका, तुम्ही बाबांना फोन करू नका. तारीख अजून काढायची नाही.”